तिला विचारलंत का?

वैजू, तुझी शोकसभा पहिल्या मजल्यावर होती.

अलिबागेतलाच हॉल, साखरपुडे आणि बारशी होतात तो. लिफ्ट नाही. जिना अरुंद, मध्येच वळणारा. तू कायदा शिकवलेल्या तुझ्या बायका आल्या होत्या, थळहून, रेवसहून, पोयनाडच्या पलीकडच्या गावांतून. कुणी तीनचाकीवर, कुणी काठी टेकत, कुणी भावाच्या पाठुंगळीवर. ज्यांना चढता आलं त्या चढल्या. उरलेल्या खाली पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या रांगेशेजारी बसल्या. त्यांच्यासाठी खिडकीतून एक स्पीकर खाली सोडला होता. आयोजकांपैकी एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, काळजी नको, खाली आवाज अगदी क्लिअर जातोय."

वर जिद्द, प्रेरणा, अपंगत्वावर मात असं सगळं चाललं होतं. एका पुढाऱ्याने तुला 'समस्त दिव्यांगांची माउली' करून टाकलं. तुला तो 'दिव्यांग' शब्द किती डाचायचा. "आमचं नाव बदलून झालं, आता जिना कधी बदलताय?" असं तू प्रत्येक मीटिंगमध्ये विचारायचीस, आणि लोक हसायचे. त्यांना वाटायचं बाई विनोदी आहे.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी खाली होते, तुझ्या बायकांमध्ये. मी म्हटलं, इथूनच बोलते, माइक खाली द्या. त्यांनी प्रयत्न केला. वायर पुरेना. मग वरून घोषणा झाली, "वकीलबाईंच्या भावना अनावर झाल्या आहेत," आणि पुढच्या वक्त्याला बोलावलं. भावना अनावर झाल्या नव्हत्या, वैजू. राग आला होता. या दोन्हीतला फरक तुला न सांगता कळायचा.

तेव्हा राहिलेलं आता बोलतेय, तुझ्याशीच. कौतुक कमी आणि भांडण जास्त असेल. आपल्यात तसंच होतं.

आपली ओळखसुद्धा जिन्यापायीच झाली होती. तेव्हा माझं ऑफिस कोर्टाजवळ, मिठाईच्या दुकानाच्या वर होतं. भर दुपारी रस्त्यावरून हाक आली, "ओ वकीलबाई! खाली या!" खिडकीतून पाहिलं तर मिनीडोरच्या, त्या सहाआसनी रिक्षाच्या, मागच्या बाकावर तू. कॅलिपर लावलेले पाय समोरच्या सीटवर पसरलेले, कुबड्या मांडीवर आडव्या. मी विचारलं, वर नाही का येणार? तू म्हणालीस, "यायला येईन हो, पण तुम्ही घरी जायच्या वेळेला पोचेन." मी खाली आले. आपली पहिली सल्लामसलत त्या मिनीडोरमध्ये झाली. ड्रायव्हर पेपर वाचत असल्याचं सोंग करून सगळं ऐकत होता.

बँकेने तुझं एकटीच्या नावाचं खातं उघडायला नकार दिला होता. भावाला घेऊन या, जॉइंट करू, म्हणाले. पोलिओने तुझे पाय नेले होते, पण बँकेच्या साहेबांच्या मते त्यासोबत सहीही गेली होती. मी म्हटलं, नोटीस पाठवते. तर तू म्हणालीस, "पाठवा. पण आधी मला ते कलम दाखवा. उद्या दुसऱ्या बँकेने अडवलं तर तुम्हाला किती ठिकाणी नाचवू?" अशील मला बरेच भेटले होते. न्याय मागायचे, तारीख मागायचे, काही जण दमही द्यायचे. कलम मागणारी तू पहिलीच.

पुढे मी ऑफिस तळमजल्यावर आणलं. तू त्याचं श्रेय घ्यायला तयार नव्हतीस. "माझ्यासाठी कुठे, तुझ्या गुडघ्यांसाठी आणलंस," म्हणायचीस. तोवर 'ओ वकीलबाई'ची 'सुमे' झाली होती. तू रेवसच्या अलीकडची, आगऱ्याची लेक, वडिलांनी मिठागरात हयात काढलेली. मी अलिबागेत वाढलेली, सुकटीचा वास आला की खिडकी लावून घेणारी. तुझ्या डब्यातली सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी खायला लागले तेव्हा माझी आई म्हणाली, ही वैजू तुला बिघडवणार. तिला काय माहीत तू मला किती आणि कशी बिघडवलीस ते.

कायदा शिकलीस आणि लगेच वाटायला निघालीस. देवळाच्या ओट्यावर, मासळी सुकवायच्या खळ्यावर, कुणाच्या पडवीत. आंधळ्या, पांगळ्या, मुक्या म्हणून घरच्यांनी मागच्या खोलीत ठेवलेल्या बायका तू एकेक करून उन्हात आणून बसवल्यास. मी यायचे, पण मला तिथे फारसं बोलू द्यायची नाहीस. "तुझं मराठी कोर्टाचं आहे, सुमे. त्यांना वाटेल शिक्षा सुनावतेयस." संमती म्हणजे काय हे मी सांगायला घेतलं की मुक्त, स्वेच्छेने, पूर्ण माहितीनिशी अशी गाडी सुरू व्हायची. तू सांगायचीस, "कुनी बोलला चल, तू बोललीस नाय, आनि तो थांबला. तुजी संमती त्याने मानली. थांबला नाय, तर नाय मानली. एवढाच हाय कायदा."

एवढाच आहे कायदा. आणि या एवढ्याशावरून आपण किती भांडलो.

भारतीचं सांगते. तुला काय सांगायचं, पण मला पुन्हा एकदा सगळं ओळीने मांडून बघायचंय, कारण मला अजून तो वाद सुटलेला नाही.

थळच्या आशाताई, गावातल्या आरोग्यसेविका, एका सकाळी ऑफिसात आल्या. तू आधीच येऊन बसली होतीस. त्या म्हणाल्या, गावातल्या हिरामावशी आपल्या लेकीची, भारतीची, पिशवी काढून घेणार आहेत, सोमवारी, अलिबागच्या एका खासगी दवाखान्यात. भारती तेव्हा विशीच्या आतबाहेर. अंगाने भरलेली बाई, समज चार-पाच वर्षांच्या पोरीची. गर्भाशयाला काही आजार नाही, गाठ नाही. पाळीचं तिला उमजत नाही, एवढंच कारण. तू हातातला चहा तसाच ठेवलास आणि म्हणालीस, "रिक्षा बोलव."

हिरामावशी खळ्यावर जवळा पसरत होत्या. मागे खताच्या कारखान्याचा धूर सरळ वर चढत होता. भारती शेजारी फतकल मारून बसलेली, जवळ्यातून कचरा वेचत होती आणि प्रत्येक काडी आईला दाखवत होती. तू सरळ विषयाला हात घातलास. मावशी आधी उडवाउडवी करत होत्या, मग एकदम उसळल्या.

"काय करू मग? हिला पाली आली तरी कलत न्हाय. तशीच बंदरावर फिरते. बापये बगतान. सून बोलते, मी न्हाय हिचं धुनार. मी पाटी घेऊन बाजारात जाते, तवा हिच्याकडं कोन बगनार? मागच्या साली एक जन हिला होडीच्या आड घेऊन गेलता. मी वेलेवर पोचले. सारख्या सारख्या वेलेवर पोचू काय मी?"

"कोण होता तो?" तू विचारलंस.

"मना काय म्हाईत! पाठमोरा पलाला. पिशवी काडली का एक कालजी तरी मिटंल."

तू म्हणालीस, "मावशी, पिशवी काढली म्हणून तो माणूस हात लावायचा थांबणार आहे का? उलट त्याने काय केलं ते पोटावर दिसेल, ही भीतीही त्याला राहणार नाही."

मावशींनी जवळा पसरता हात आवरला. मला वाटलं, पटलं. मग त्या तुझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "तुजा लगीन झालाय? तुला पोर हाय? माज्या मागारी हिला बगायला तू येनार हायस?"

त्या वेळी मी तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

 खुर्ची वळवलीस. कुबड्यांनी खांदे निकामी केल्यावर तू नुकतीच व्हीलचेअर घेतली होतीस आणि वाळूत ती नीट चालायची नाही. तशीच रेटत भारतीजवळ गेलीस. तिला म्हणालीस, "भारती, डॉक्टर पोट कापनार हाय तुजा. हितं. कापू दे?" आणि तिच्या पोटावरून बोट फिरवलंस. भारतीने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. "न्हाय," म्हणाली. "दुकंल." आणि आईच्या पाठीमागे जाऊन लपली.

एवढंच झालं. तिथून निघून आपण दवाखान्यात गेलो.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. हे मी तेव्हाही म्हटलं होतं आणि तू माझ्यावर दिवसभर फुरंगटून होतीस. ते आपल्याशी सभ्यपणे बोलले. म्हणाले, आईची संमती आहे, लेखी आहे, आईचे हाल मला बघवत नाहीत.

"पेशंट आई आहे का?" तू विचारलंस.

"मुलीला कळत नाही, ताई."

"तिला विचारलंत का?"

"तिला काय विचारणार?"

"पोट कापू का, हे. आम्ही आत्ता विचारून आलो. तिने उत्तर दिलंय."

मी कायदा पुढे ठेवला. मूल होण्याची शक्यता कायमची संपेल अशी कुठलीही शस्त्रक्रिया अपंग माणसावर त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय करता येत नाही, सरळ लिहिलंय त्यात. डॉक्टरांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. ऑपरेशन रद्द झालं. आपण जिंकलो होतो, वैजू, आणि परतीच्या रिक्षात आपण कडाकडा भांडत होतो.

मी म्हटलं, कायदा तुझ्या बाजूला आहे हे मान्य. पण कायदा उद्या सकाळी तिचे कपडे बदलायला येणार नाही. आपण त्या बाईकडून तिचा एकमेव उपाय काढून घेतला आणि हातात काय दिलं? तू म्हणालीस, तो उपाय नव्हता, ती पोरीला दिलेली शिक्षा होती. मी म्हटलं, त्या आईला कुणी विचारलं का तिला काय हवंय? तू म्हणालीस, "आईला विचारायला सगळं जग आहे. डॉक्टरने विचारलं, आशाताईने विचारलं, तूही विचारतेयस. त्या पोरीला विचारणारं कोणी नव्हतं म्हणून मी विचारलं. एकाने तरी तिच्या बाजूला उभं राहायला नको?"

आणि थोड्या वेळाने, रिक्षा कोर्टाशी आल्यावर, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालीस, "कपडे बदलायला कायदा नाही येत, तर आपण जाऊ."

गेलीस. दर महिन्याला थळला गेलीस. मला वाटलं होतं चार फेऱ्यांत उत्साह ओसरेल. भारतीला एकच गोष्ट तू पुन्हा पुन्हा दाखवलीस, हा कपडा असा, हा असा, हे इथे टाकायचं, मग हात धुवायचे. ती विसरायची, रडायची, एकदा तुझ्या अंगावर बादली उपडी केली. पावसाळा गेला, थंडी पडली, आणि एक दिवस ती स्वतःहून मोरीत जाऊन बदलून आली आणि दोन्ही ओले हात वर करून सगळ्यांना दाखवत अंगणभर फिरली. तू मला फोनवर सांगताना हसतही होतीस आणि रडतही होतीस. हिरामावशींनी तुला त्या दिवशी पापलेट दिलं. तू म्हणालीस, मिळालेल्या सगळ्या पुरस्कारांत हा एकच खायला बरा.

होडीच्या आडच्या माणसाचं मात्र काही झालं नाही. पोलीस चौकीवर आपण गेलो. भारतीने त्याला दुरून बोट दाखवून ओळखलं होतं, पण तिला नाव सांगता येईना. ते म्हणाले, अशा मुलीच्या बोटावर आम्ही गुन्हा दाखल करायचा? मी अर्ज केले, वरच्या साहेबांना भेटले. तो माणूस आजही बंदरावर जाळी विणत बसतो. मला ओळखतो. मान हलवून नमस्कार करतो. मी काय करायचं त्या नमस्काराचं?

मग तुझं जिनिव्हा आलं. अपंगांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आपल्या सरकारने मान्य केलाय, तो कितपत पाळला याचा जाब विचारणारी समिती तिथे बसते, आणि देशातून चार बायकांनी जाऊन बोलायचं, त्यांत तू. गावाने हारतुरे केले. मी नाक मुरडलं. म्हटलं, थळच्या बंदरावरचा माणूस आपल्याला हलवता येत नाही आणि तू सगळं जग हलवायला निघालीस? तू म्हणालीस, "सुमे, तुला हेवा वाटतोय." थोडा वाटतही असेल. पण माझा मुद्दा खरा होता.

त्या प्रवासाची सुरुवात मी पाहिली होती. आदल्या आठवड्यात व्हिसाच्या कामासाठी आपण रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला निघालो. ओहोटी होती. लाँच धक्क्यापासून पार खाली गेलेली, पायऱ्यांवर शेवाळ. दोघा खलाशांनी तुला काखेत धरून उचललं आणि खालच्या दोघांनी झेललं. त्यातल्या एकाचा हात नको तिथे होता. तू ओठ घट्ट मिटून समोर बघत राहिलीस. बसल्यावर मी काही बोलणार तेवढ्यात म्हणालीस, "आज नको. आज मला मुंबईला पोचायचंय."

जिनिव्हाहून तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं तू भाषणाबद्दल सांगशील. तू दुसरंच सांगत होतीस. "सुमे, मी आज ट्राममध्ये बसले. एकटी. दार उघडलं, फळी खाली आली, मी आत गेले. कुनी उचलला नाय मना. कुनी बघितला पन नाय." पन्नाशीला आलेली बाई तू, ट्राममध्ये बसल्याचं सांगताना तुझा आवाज फुटत होता. मी इकडे ऑफिसात रिसीव्हर धरून उभी. तुझी टिंगल करायला मी शब्द जमवून ठेवले होते, ते सगळे गळून गेले.

भाषणाला तुला जेमतेम काही मिनिटं मिळाली. तू भारतीचं सांगितलंस, नाव न घेता. आई कुठे चुकली ते नाही सांगितलंस. आईला कुणी काय दिलं नाही, ते सांगितलंस. भारतीसारख्या मोठ्या झालेल्या मुलींना दिवसा सुरक्षित ठेवणारी एक जागा, आईला बाजारात जाता येईल एवढी. ते तुझं बोलणं मी नंतर रेकॉर्डिंगवर ऐकलं. तू मराठीत बोललीस, दुभाषी हाताशी होती. मी सगळा वेळ म्हणत होते आईला कोणी विचारत नाही, आणि तू सगळ्या जगासमोर आईचंच म्हणणं मांडून आलीस. मला न सांगता. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. आज म्हणते, छान बोललीस.

पण पुढे? समितीने सरकारला शिफारशी केल्या. मी त्यांची प्रत एका अर्जाला जोडली, तर मला विचारलं गेलं की हे परदेशातलं इथे कशाला आणलंय. जिल्ह्याच्या बैठकीत एक अधिकारी तुला तोंडावर म्हणाले, "मॅडम, बाहेर जाऊन आपल्या जिल्ह्याची बदनामी करण्याआधी आम्हाला सांगायचं होतं." तू म्हणालीस, "सांगितलं होतं. तुमच्या ऑफिसला पायऱ्या आहेत म्हणून दाराबाहेरून सांगितलं होतं. ऐकू गेलं नसेल."

त्या दिवशी सगळे हसले आणि नंतर खरोखरच थळला एका बंद पडलेल्या शाळेची खोली मंजूर झाली. दिवसभराचं केंद्र. रंग दिला, रॅम्प बांधला, फीत कापली. तू फोटोत मधोमध आहेस, भारती तुझ्या खुर्चीच्या हातावर बसलीय. त्यानंतर खोलीला कुलूप लागलं ते लागलंच. शिक्षिकेची नेमणूक झाली नाही, मदतनीस मिळाली नाही. आपण खेटे घातले. फाइल वर आहे, फाइल खाली आलीय, फाइल फिरतेय. मी म्हणायचे, बघ तुझं जिनिव्हा. तू म्हणायचीस, "रॅम्प झाला ना? उद्या कुलूप पण निघंल." मी म्हणायचे, कधी? तू म्हणायचीस, "तू वकील हायस का साक्षीदार? सारखी उलटतपासणी घेतेस."

हा वाद इथेच अर्धा राहिला, कारण मध्ये तुझं दुखणं आलं.

तुझ्या छातीत दुखत होतं. तू दवाखान्यात दाखवलंस. ते म्हणाले, चाकं ढकलून ढकलून स्नायू दुखावलाय, शेक घ्या. दुसरीकडे दाखवलंस, तेही खांद्याबद्दलच बोलले. तुझ्याकडे बघणाऱ्याला आधी खुर्ची दिसायची, मग त्यांना सगळ्या दुखण्यांचं कारण खुर्चीतच सापडायचं. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात स्तनांच्या तपासणीच्या मशीनपर्यंत पोचलीस. ते उभ्या माणसासाठी होतं. तिथली बाई म्हणाली, थोडं तरी उभं राहता येत नाही का? नाही येत. मग डॉक्टरांना विचारून कळवतो. त्यांनी कळवलं नाही आणि तू परत गेली नाहीस.

मला हे कळलं तेव्हा गाठ पसरलेली होती. तुझ्या घरी, मागच्या दारच्या पडवीत आपण बसलो होतो, आणि मी तुझ्यावर ओरडले. इतकी ओरडले की तुझी वहिनी बाहेर आली. जिल्हाभरच्या बायकांना शिकवतेस, दारात अडवलं तर हलू नका. आणि तू स्वतः मुकाट्याने घरी आलीस? एक फोन करायचा होतास. मी त्या इस्पितळाच्या पायरीवर ठिय्या दिला असता.

तू माझं ओरडणं संपू दिलंस. मग म्हणालीस, "सुमे, मी प्रत्येक दारातून भांडून आत जाते ग. बँकेत भांडून, एसटीत भांडून, बोटीत भांडून, कलेक्टरकडे भांडून. त्या दिवशी मना नुसती तपासनी पायजे व्हती. भांडन नको व्हता. एक दिवस नको व्हता."

  लोक तुझ्या लढाऊपणाचे गोडवे गातात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ही पडवी येते. लढायला लागलं नसतं तर तू कोण झाली असतीस, हे कुणाच्या मनात का येत नाही? तुला नाटकं आवडायची. तुला पांढऱ्या कांद्याच्या माळा सुंदर विणता यायच्या. मुंबईच्या एखाद्या ऑफिसात नोकरी करून तू दर शनिवारी निवांत लाँचने घरी आली असतीस, आणि मला कधी भेटलीही नसतीस. चाललं असतं मला.

त्या इस्पितळावर मला तक्रार करायची होती. तू म्हणालीस, "माझं राहू दे, त्या खोलीचं बघ." मी म्हटलं, दोन्ही बघेन. तू म्हणालीस, नको. तुझी संमती नाही म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता तू नाहीस आणि मी वकीलपत्राविना उभी आहे. तुझ्या नावाने लढू का नको? सगळ्यांना विचारायला लावणारी तू, पण हे मात्र तुला विचारायचं राहून गेलं. निदान एवढं तरी सांगून जायचंस.

आता शेवटचं. हे तुला कळायलाच हवं, म्हणून लिहितेय.

परवा हिरामावशी ऑफिसात आल्या. भारती बरोबर. मावशी फार वाळल्यात, जिना नाही तरी दारातून आत येताना त्यांना दम लागला. भारती आल्या आल्या तुझी खुर्ची ठेवायची ती जागा बघून आली, मग बाहेर जाऊन बघून आली. मावशी बसल्या, पदराने तोंड पुसलं, थोडा वेळ तुझ्या आठवणी काढून रडल्या. मग म्हणाल्या, "वकीलबाय, एक इचारू?"

"विचारा."

"वैजू गेली. आता करू का हिचं आपरेशन?"

मला आधी कळेचना त्या काय विचारतायत. त्या अगदी साधेपणाने विचारत होत्या. एखादं नातलग गेलं की त्याने घातलेली शपथ सुटते, तसं त्यांना वाटलं होतं. वैजू, एवढी वर्षं आपण कायदा कायदा म्हणून कंठशोष केला. संसदेने केलेला कायदा, जगाने केलेला करार. आणि त्या बाईच्या लेखी हे सगळं म्हणजे एक वैजू होती. ती नको म्हणत होती म्हणून थांबायचं. ती गेली, संपलं.

मला तिचा राग आला नाही. सुतक संपायच्या आत तिला हा प्रश्न पडावा, इतकं तिच्या हाताशी दुसरं काही नाही, याचा आला.

मी म्हटलं, "नाही मावशी. तो वैजूचा हुकूम नव्हता. कायदा आहे. तो अजून आहे."

"कुटं हाय?" त्या म्हणाल्या. भांडायचं म्हणून नाही. खरंच शोधत असल्यासारख्या माझ्या टेबलाकडे, कपाटाकडे बघितलं त्यांनी. "त्या खोलीला टालं हाय. सून बोलते, सासू मेली का हिला आश्रमात टाकीन. मना चार पावलांवर धाप लागते. वैजू महिन्याचे महिन्याला यायची, दोन घटका हिच्याशी बसायची, मना बाजार करून यायला मिलायचा. कायदा म्हंजे तेवडाच व्हता मना. आता तू येशील?"

मी वकील आहे. माझं काम अर्ज करणं, बाजू मांडणं, ते कुलूप उघडायला भाग पाडणं. त्यासाठी मी पुन्हा अर्ज केलाय, उच्च न्यायालयात जायची तयारी चालवलीय, तुझ्या त्या जिनिव्हाच्या शिफारशी पुन्हा जोडणार आहे, कुणी काय म्हणायचं ते म्हणो. भारतीशी दोन घटका बसणं हे माझं काम नाही. ते सरकारचं काम आहे. तू केलंस म्हणून सरकारला करावं लागलं नाही, असं मी तुला तोंडावर म्हटलं होतं आणि आजही माझं तेच मत आहे. एकेका बाईने जीव आटवून भोकं बुजवत बसायचं आणि ज्यांनी बांधायचं त्यांनी शोकसभेला येऊन भाषणं करायची, हे मला मान्य नाही. मरेपर्यंत मान्य होणार नाही.

मावशी उत्तराची वाट बघत होत्या. भारती माझ्या टेबलावरचे टाचणीचे डबे उघडून बघत होती.

"येईन," मी म्हटलं. चिडूनच म्हटलं. मावशींना ते कळलं असावं, कारण त्या किंचित हसल्या. उठताना भारतीचा हात धरला आणि दारात थांबून म्हणाल्या, "मंगलवारी ये. आनि तो काला कोट घालून नको येव. भारती भिते."

मंगळवार उद्या आहे. कोट ऑफिसात ठेवून आलेय.